दृष्टी, मेंदू आणि वर्तन : चेतापेशी-संशोधनाच्या इतिहासाचा एक चिकित्सक आढावा (इ. स. १८५५ ते २०११)

प्रास्ताविक :

‘डोळे असून आंधळा’ हा वाक्प्रचार मराठीत आपण बेसावध माणसासाठी वापरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिन येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेर्मान मुंक यांना ही स्थिती प्रयोगशाळेतील कुत्र्यांमध्ये शब्दशः आढळली. मेंदूच्या मागील भागातील ठरावीक तुकडा काढलेला कुत्रा खोलीत कोठेही न धडकता फिरत असे. मात्र समोर ठेवलेले अन्न, ओळखीचा माणूस किंवा उगारलेला चाबूक पाहून त्याच्यावर काहीही परिणाम होत नसे. त्याचे डोळे शाबूत होते, परंतु पाहिलेल्या वस्तूचा अर्थ हरवला होता. या अवस्थेला मुंक यांनी ‘आत्मिक अंधत्व’ असे नाव दिले. डोळा पाहतो की मेंदू, हा तत्त्वज्ञांचा जुना प्रश्न या टप्प्यावर प्रयोगाच्या कक्षेत आला.

विज्ञानाचा इतिहास हा आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासक्रमात बहुधा परिशिष्टासारखा येतो. राजकीय घडामोडी, युद्धे व तह यांना मुख्य स्थान मिळते आणि शोधांची यादी प्रकरणाच्या शेवटी जोडली जाते. प्रत्यक्षात शोध आणि घडामोडी परस्परांपासून वेगळ्या नसतात. मेंदूत दृष्टीचे केंद्र कोठे आहे, याचे उत्तर मोठ्या प्रमाणात १९०४-०५ चे रशिया-जपान युद्ध आणि पहिले महायुद्ध यांतील जखमी सैनिकांच्या कवट्यांमधून मिळाले, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला दुर्लक्षून चालणार नाही. याच भूमिकेतून प्रस्तुत शोधनिबंधात दृष्टीविषयक चेतापेशी-संशोधनाच्या वाटचालीचा मागोवा घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. दृष्टी ही मेंदूची क्रिया आहे, हे मत कोणत्या टप्प्यांनी प्रस्थापित झाले याचा आढावा घेणे.
२. चेतापेशींचे कार्य आणि प्राण्याचे वर्तन यांचा संबंध संशोधकांनी कसा जोडला हे तपासणे.
३. या ज्ञानासाठी कोणी किंमत मोजली आणि त्याचा लाभ कोणापर्यंत पोहोचला, याची चिकित्सा करणे.

संशोधन पद्धती व संज्ञा :

प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मराठीत ‘न्यूरॉन’ या अर्थी चेतापेशी, मज्जापेशी, तंत्रिका कोशिका असे विविध शब्द रूढ आहेत. येथे शालेय पाठ्यपुस्तकांतून परिचित झालेला ‘चेतापेशी’ हा शब्द स्वीकारला आहे. डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडद्याला ‘दृष्टिपटल’ आणि मेंदूच्या पृष्ठभागावरील सुरकुतलेल्या थराला ‘बाह्यक’ म्हटले आहे.

१. पूर्वपीठिका :

इ. स. १६०४ मध्ये योहान्नेस केप्लर यांनी डोळ्यातील भिंग दृष्टिपटलावर बाह्य जगाची उलटी प्रतिमा पाडते, असे गणिताने दाखविले. उलटी प्रतिमा आपल्याला सुलटी का दिसते, हा प्रश्न मात्र त्यांनी निसर्गतत्त्वज्ञांवर सोपविला. प्रकाशशास्त्र दृष्टिपटलापाशी संपते, याची त्यांना स्पष्ट जाणीव होती. पुढे देकार्त यांनी बैलाच्या डोळ्याच्या साहाय्याने ही प्रतिमा दाखविण्याचा प्रयोग १६३७ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि मेंदूतील शंकूसारख्या एका लहान ग्रंथीत आत्मा व शरीर यांची भेट होते, ही त्यांची कल्पना प्रयोगावर आधारलेली नव्हती.

१७७६ मध्ये इटलीतील पार्मा येथे फ्रान्चेस्को जेन्नारी या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला गोठविलेल्या मेंदूच्या मागील भागात एक पांढरी रेषा दिसली. तिचे वर्णन त्याने १७८२ मध्ये प्रसिद्ध केले. ही रेषा ज्या भागात आहे तेच दृष्टीचे प्राथमिक केंद्र होय, हे समजण्यास त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली. दरम्यानच्या काळात फ्रान्समधील पिएर फ्लुराँस यांच्या मताचा प्रभाव होता. मेंदूचे बाह्यक एकसंधपणे कार्य करते व त्यात वेगवेगळ्या कामांचे वाटप नसते, असे ते प्रतिपादन करीत.

या मताला छेद देणारा पुरावा १८५५ मध्ये पाव्हिया येथील बार्तोलोमेओ पानिझ्झा यांनी मांडला. पक्षाघाताने दृष्टी गेलेल्या रुग्णांचे शवविच्छेदन आणि प्राण्यांवरील प्रयोग यांच्या आधारे त्यांनी दृष्टीचा संबंध मेंदूच्या मागील भागाशी जोडला. परंतु त्यांचे लेखन इटालियन भाषेत, स्थानिक विद्वत्सभेच्या प्रकाशनातून आले आणि लंडन, पॅरिस, बर्लिन येथील विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. ज्ञानाची दखल केवळ त्याच्या सत्यतेवर अवलंबून नसते. ते कोणत्या भाषेत व कोणत्या केंद्रातून मांडले गेले यावरही ती अवलंबून असते. प्रादेशिक भाषेतून संशोधनपर लेखन करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

२. स्थाननिश्चितीचा वाद :

१८७० मध्ये फ्रिच व हित्झिग यांनी कुत्र्याच्या बाह्यकाला सौम्य विद्युतप्रवाह देऊन पायांची हालचाल घडवून आणली. बाह्यकातील वेगवेगळे भाग वेगवेगळी कामे करतात, या मताला त्यामुळे बळ मिळाले. ब्रिटनमधील डेव्हिड फेरियर यांनी माकडांवर प्रयोग करून दृष्टीचे केंद्र मेंदूच्या बाजूच्या भागात, कोनीय वलयात असल्याचे जाहीर केले. मुंक यांनी ते मागील टोकाशी, पश्चखंडात असल्याचे सांगितले. दोघांमधील वाद बराच काळ चालला आणि अखेर मुंक यांचे म्हणणे ग्राह्य ठरले. फेरियर यांच्या चुकीची कारणे मात्र उद्बोधक आहेत. शस्त्रक्रियेत बाह्यकाखालून पश्चखंडाकडे जाणारे तंतूही तोडले गेले असावेत. शिवाय ज्या माकडाचा हात वस्तूपर्यंत नीट पोहोचत नाही ते आंधळे आहे, असे मानण्याचा मोह त्यांना झाला असावा. ‘न दिसणे’ आणि ‘दिसूनही हात नेमका न नेता येणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद पुढे शंभर वर्षांनी संशोधनाच्या केंद्रस्थानी आला.

१८८१ मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत हा वाद प्रेक्षकांसमोर मांडला गेला. स्ट्रासबुर्ग येथील फ्रीडरिश गोल्ट्झ यांनी स्थाननिश्चितीच्या विरोधात आपला कुत्रा दाखविला, तर फेरियर यांनी समर्थनार्थ आपली माकडे आणली. त्यानंतर त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रौर्यविषयक १८७६ च्या कायद्याखाली फेरियर यांच्यावर खटला दाखल झाला. शस्त्रक्रिया परवानाधारक सहकारी जेराल्ड यीओ यांनी केली असल्याचे निष्पन्न झाल्याने खटला टिकला नाही. तरीही ज्ञानासाठी प्राण्याला किती यातना द्याव्यात, हा प्रश्न मेंदूसंशोधनाच्या आरंभकाळातच न्यायालयापर्यंत पोहोचला होता, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

३. रणांगणावरील पुरावा :

पदवीच्या वर्गात रशिया-जपान युद्ध शिकविताना आपण पोर्टस्मथचा तह आणि आशियातील राष्ट्रवादाला मिळालेली चालना यांवर भर देतो. या युद्धाचे आणखी एक फलित होते. रशियन सैन्याकडील १८९१ च्या बनावटीच्या रायफलींची ७.६२ मिलिमीटर व्यासाची गोळी अतिशय वेगवान असे. अनेकदा ती कवटी न फोडता एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडत असे आणि सैनिक जिवंत राही. दृष्टी गमावलेल्या अशा सैनिकांना निवृत्तिवेतन देताना त्यांची दृष्टी किती गेली आहे, याचे मोजमाप करणे जपानी सरकारला भाग होते. हे काम तात्सुजी इनोउये या तरुण नेत्रवैद्याकडे आले.

इनोउये यांनी प्रशासकीय मोजणीचे रूपांतर संशोधनात केले. गोळी आत शिरल्याची व बाहेर पडल्याची जागा अचूक नोंदविण्यासाठी त्यांनी स्वतः एक उपकरण तयार केले आणि गोळीचा मेंदूतील सरळ मार्ग काढला. प्रत्येक सैनिकाच्या दृष्टिक्षेत्रातील अंध भागाशी तो मार्ग ताडून पाहिला. त्यातून दृष्टिक्षेत्राचा मेंदूवरील नकाशा तयार झाला. नजरेच्या केंद्राशी असलेल्या भागाला पश्चखंडाच्या अगदी मागे आणि प्रमाणाबाहेर मोठी जागा मिळते, तर कडेच्या भागाला थोडी, असे त्यांनी १९०९ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. स्वीडनचे सालोमोन हेन्शेन यांनी त्यापूर्वी केंद्रीय दृष्टीची जागा नेमकी उलट, पुढील बाजूस दाखविली होती.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश चेतातज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी फ्रान्समधील आघाडीवरील रुग्णालयांत असेच निरीक्षण केले. १९१५ पासून वापरात आलेले ब्रिटिश पोलादी शिरस्त्राण उथळ होते. डोक्याचा मागील खालचा भाग त्याने पुरेसा झाकला जात नसे आणि पश्चखंड नेमका तेथेच असतो. विल्यम लिस्टर यांच्यासह १९१६ मध्ये आणि स्वतंत्रपणे १९१८ मध्ये होम्स यांनी प्रसिद्ध केलेला नकाशा पुढे पाठ्यपुस्तकांत प्रमाण मानला गेला. इनोउये यांचे नाव त्यामानाने मागे पडले. त्यांच्या ग्रंथाचा पूर्ण इंग्रजी अनुवाद २००० मध्ये, म्हणजे तब्बल ९१ वर्षांनी उपलब्ध झाला. दरम्यान १९९१ मध्ये हॉर्टन व हॉइट यांनी चुंबकीय अनुनाद प्रतिमांच्या साहाय्याने होम्स यांचा नकाशा तपासला. केंद्रीय दृष्टीला मिळणारी जागा होम्स यांनी कमी लेखली होती, असे त्यात दिसून आले. मध्यभागीच्या १० अंशांच्या दृष्टिक्षेत्रासाठी प्राथमिक दृष्टिबाह्यकाचा निम्म्याहून अधिक भाग खर्ची पडतो.

अधिकारवाणीचे दुष्परिणामही याच प्रकरणात दिसतात. जॉर्ज रिडॉक यांनी १९१७ मध्ये काही जखमी सैनिकांना अंध झालेल्या भागात स्थिर वस्तू दिसत नाही, परंतु हालचाल जाणवते, असे नोंदविले. होम्स यांना हे मत मान्य नव्हते. त्यांच्या प्रतिष्ठेमुळे हालचालीची जाणीव ही मेंदूची स्वतंत्र क्रिया असू शकते हा विचार अनेक दशके मागे पडला.

४. एका पेशीची भाषा :

येथपर्यंतचे पुरावे मेंदूतील हानीवर आधारलेले होते. भाग नष्ट झाल्यावर काय गमावले जाते हे त्यातून समजे. तो भाग शाबूत असताना काय करतो हे समजत नसे. त्यासाठी पेशीपर्यंत जाणे आवश्यक होते. स्पेनचे सान्तियागो रामोन इ काखाल यांनी १८८८ पासून रौप्यक्षारांच्या साहाय्याने रंगविलेल्या पातळ छेदांतून दाखवून दिले की चेतासंस्था हे अखंड जाळे नसून स्वतंत्र पेशींची रचना आहे. दृष्टिपटलावरील त्यांचा विस्तृत ग्रंथ १८९३ चा होय. १९०६ चे नोबेल पारितोषिक त्यांना कामिल्लो गोल्जी यांच्यासह विभागून मिळाले. विशेष म्हणजे ज्या गोल्जींची रंगपद्धती काखाल यांनी वापरली, ते स्वतः अखेरपर्यंत अखंड जाळ्याच्या मताचे होते.

पेशी एकमेकींशी कोणत्या भाषेत बोलतात, हे केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी १९२० च्या दशकात उलगडले. चेतातंतूतून जाणारा प्रत्येक विद्युतस्पंद सारख्याच आकाराचा असतो. उद्दीपन तीव्र झाले की स्पंद मोठे होत नाहीत, त्यांची संख्या वाढते. अमेरिकेतील केफर हार्टलाइन यांनी १९३२ मध्ये क्लॅरेन्स ग्रॅहॅम यांच्यासह घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या समुद्री खेकड्याच्या एकेका दृष्टितंतूतील स्पंद नोंदविले. १९३८ मध्ये त्यांनी बेडकाच्या दृष्टितंतूंचे तीन प्रकार दाखविले. काही तंतू प्रकाश लागताच, काही तो विझताच, तर काही दोन्ही वेळी स्पंदित होत. ज्या मर्यादित जागेतील प्रकाशाला एखादी पेशी प्रतिसाद देते, तिला त्यांनी ‘ग्रहणक्षेत्र’ ही संज्ञा वापरली.

१९५३ मध्ये स्टीफन कफलर यांनी मांजराच्या दृष्टिपटलातील पेशींचे ग्रहणक्षेत्र दोन परस्परविरोधी भागांचे असल्याचे दाखविले. मध्यभागी प्रकाश पडल्यास पेशी उत्तेजित होत असेल तर सभोवतालच्या कड्यावरील प्रकाशाने ती दबते. काही पेशींत हे उलट असते. संपूर्ण क्षेत्र एकसारखे उजळले तर दोन्ही परिणाम एकमेकांना बऱ्याच अंशी छेदतात. याचा अर्थ असा की दृष्टिपटल छायाचित्रणाच्या फिल्मप्रमाणे प्रत्येक ठिकाणचा प्रकाश मोजून कळवीत नाही. शेजारच्या जागेशी असलेला फरक ते कळविते. फळ्यावरील खडूची अक्षरे भर दुपारी आणि पावसाळी अंधारातही सारखीच पांढरी वाटतात, याचे मूळ अंशतः या रचनेत आहे.

५. बेडकाची नजर आणि वर्तनाचा प्रश्न :

पेशींच्या या स्पंदांचा प्राण्याच्या वागण्याशी काय संबंध, हा प्रश्न बेडकांवरील प्रयोगांनी ऐरणीवर आणला. रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात बेडूक व न्यूट या उभयचरांचे डोळे खोबणीत १८० अंशांनी फिरविले आणि काही प्राण्यांत दृष्टिचेता तोडून ती पुन्हा वाढू दिली. दृष्टी परत आली. मात्र वर असलेल्या माशीसाठी बेडूक खाली झेप घेई आणि पुढील माशीसाठी मागे वळे. अनुभवाने त्यात सुधारणा झाली नाही. दृष्टिपटलातील प्रत्येक तंतू मेंदूतील आपल्या ठरलेल्या जागीच परत जातो आणि कोठे झेप घ्यायची हे त्या जोडणीवरून ठरते, असा त्याचा अर्थ होता. वर्तनाचा काही भाग शिकण्याने नव्हे, तर जन्मजात रचनेने ठरतो, या मताला यामुळे भक्कम आधार मिळाला.

होरेस बार्लो यांनी १९५३ मध्ये बेडकाच्या दृष्टिपटलातील काही पेशी माशीएवढ्या लहान वस्तूला विशेष प्रतिसाद देतात हे निदर्शनास आणले. १९५९ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील लेटव्हिन, माटुराना, मॅककलॉक व पिट्स यांनी बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे चार प्रकारची माहिती जाते, असे प्रतिपादन केले. कडा, हलणारी लहान गडद वस्तू, बदलता आकृतिबंध व एकूण प्रकाशातील घट यांविषयीची ही माहिती होती. या संशोधकांनी ठिपके व प्रकाशझोत यांऐवजी बेडकाच्या नैसर्गिक अधिवासाशी जुळणारी दृश्येही वापरली. डोळा तटस्थ निरीक्षक नसून जगण्यासाठी आवश्यक तेवढेच निवडून सांगणारा वार्ताहर आहे, हा या निबंधाचा मथितार्थ होय.

६. ह्यूबेल आणि वीझेल :

सस्तन प्राण्यांच्या बाह्यकात पेशी काय करतात, हे १९५८ पर्यंत अस्पष्ट होते. त्या वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कफलर यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांनी एकत्र काम सुरू केले. ह्यूबेल यांनी टंगस्टन धातूची अतिसूक्ष्म विद्युतसुई आधीच विकसित केली होती. मांजराच्या दृष्टिबाह्यकातील पेशी गोल ठिपक्यांना काही केल्या दाद देईना. काळा ठिपका असलेली काचपट्टी यंत्रात सरकविताना मात्र एक पेशी अचानक जोरात स्पंदू लागली. काही तासांच्या खटाटोपानंतर ध्यानात आले की तिला ठिपक्याशी देणेघेणे नव्हते. काचेच्या कडेची पडद्यावर सरकणारी फिकट सावली, तीही विशिष्ट कोनातून सरकणारी, तिला जागवीत होती.

या घटनेला केवळ योगायोग म्हणणे अपुरे ठरेल. ठिपका अपयशी ठरूनही प्रयोग चालू ठेवणे आणि अनपेक्षित प्रतिसादाचे कारण चिकाटीने शोधणे, ही संशोधकीय शिस्त त्यामागे होती. १९५९ व १९६२ च्या निबंधांतून त्यांनी दाखविले की ‘साध्या’ पेशी ठरावीक जागी ठरावीक कोनातील रेषेला, तर ‘संमिश्र’ पेशी तशाच कोनातील रेषेला थोड्या विस्तृत जागेत कोठेही प्रतिसाद देतात. समान कोनाच्या पेशी बाह्यकात खोलवर स्तंभाकार रचनेत असतात. ठिपक्यांतून रेषा आणि रेषांतून आकार, अशा पायऱ्यापायऱ्यांनी दृष्टी घडते, ही कल्पना येथून रुजली. १९८१ चे नोबेल पारितोषिक ह्यूबेल, वीझेल व स्पेरी या तिघांना मिळाले. स्पेरी यांचा सन्मान मेंदूच्या दोन अर्धगोलांवरील कार्यासाठी होता.

७. पाहणे, जाणणे आणि करणे :

हंगेरीचे रेझ्यो बालिंट यांनी १९०९ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले होते की ज्याला वस्तू दिसत असूनही तिच्यापर्यंत हात नेमका नेता येत नसे. होम्स यांनाही महायुद्धातील काही जखमींमध्ये हेच आढळले. १९७४ मध्ये लॉरेन्स वाइस्क्रान्त्झ व सहकाऱ्यांनी याच्या उलट स्थिती नोंदविली. त्यांच्या रुग्णाला दृष्टिक्षेत्राच्या एका भागात काहीच दिसत नव्हते. तरीही अंदाज करण्यास सांगितल्यावर तो तेथील प्रकाशाच्या जागेकडे बऱ्याच अचूकपणे बोट करी. ‘अंधदृष्टी’ या नावाने ही घटना ओळखली जाते.

१९८२ मध्ये अंगरलायडर व मिश्किन यांनी माकडांवरील अभ्यासातून दृष्टिबाह्यकापासून पुढे दोन मार्ग निघतात असे मांडले. खालचा मार्ग ‘काय आहे’ हे, तर वरचा ‘कोठे आहे’ हे सांगतो. १९९२ मध्ये गुडेल व मिल्नर यांनी त्यात महत्त्वाची दुरुस्ती केली. वरचा मार्ग केवळ जागा सांगत नसून हात व शरीर यांच्या कृतीचे मार्गदर्शन करतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९८८ मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने मेंदूला इजा झालेली एक महिला त्यांच्या युक्तिवादाचा आधार होती. समोरील फट उभी आहे की तिरकी, हे तिला हातातील पत्ता त्या कोनात धरून दाखविता येत नसे. परंतु ‘पत्र पेटीत टाकतो तसा पत्ता आत टाका’ असे सांगताच ती तो योग्य कोनात वळवून सहज आत सरकवी. जाणिवेला जे ठाऊक नव्हते, ते हाताला ठाऊक होते.

हालचालीच्या जाणिवेचा रिडॉक यांनी उपस्थित केलेला प्रश्नही याच काळात सुटला. सेमिर झेकी यांनी १९७० च्या दशकात माकडाच्या मेंदूत हालचालीला प्रतिसाद देणारे स्वतंत्र क्षेत्र दाखविले. १९८३ मध्ये म्युनिक येथील योसेफ त्सील व सहकाऱ्यांनी रंग व आकार दिसणाऱ्या, परंतु हालचाल न दिसणाऱ्या एका महिलेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कपात चहा ओतताना तिला चहाची धार गोठल्यासारखी दिसे आणि कप केव्हा भरला हे समजत नसे. रस्ता ओलांडताना दूर दिसणारी मोटार तिच्या लेखी एकदम जवळ उभी राही.

तथापि पेशीचा स्पंद आणि प्राण्याचा निर्णय एकाच वेळी आढळतात, म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. कार्यकारणभावाचा हा दुवा विल्यम न्यूसम यांच्या गटाने जोडला. ठिपक्यांच्या गर्दीतील बहुसंख्य ठिपके कोणत्या दिशेला सरकतात हे डोळ्यांच्या हालचालीने सांगण्यास माकडांना शिकविण्यात आले. १९९० मध्ये साल्झमन, ब्रिटन व न्यूसम यांनी विशिष्ट दिशेला प्रतिसाद देणाऱ्या पेशींच्या लहान समूहाला अत्यल्प विद्युतप्रवाह दिला, तेव्हा माकडांचे उत्तर त्या दिशेकडे झुकले. चेतापेशींची क्रिया बदलली की निर्णय बदलतो, हे येथे प्रयोगाने सिद्ध झाले.

८. मांजराची पिल्ले आणि माणसांची मुले :

ह्यूबेल व वीझेल यांनी १९६३ पासून प्रसिद्ध केलेले आणखी एक संशोधन मानवी जीवनाशी थेट निगडित आहे. मांजराच्या पिल्लाच्या एका डोळ्याची पापणी जन्मानंतर लवकरच शिवून काही आठवड्यांनी उघडल्यास तो डोळा व त्याचे दृष्टिपटल निरोगी असूनही पिल्लाला त्या डोळ्याने व्यवहारतः दिसत नसे. बाह्यकातील बहुतेक पेशी उघड्या राहिलेल्या डोळ्याच्या ताब्यात गेलेल्या असत. प्रौढ मांजरावर असा परिणाम झाला नाही. दृष्टीच्या घडणीला ठरावीक ‘निर्णायक काळ’ असतो, हा निष्कर्ष त्यातून निघाला. जन्मजात दाट मोतीबिंदूवर पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया करावी, तिरळेपणा व आळशी डोळ्यावर लहान वयातच उपचार व्हावेत, हा आजचा वैद्यकीय आग्रह या संशोधनाने दृढ केला. असंख्य मुलांची दृष्टी त्यामुळे वाचली.

पण याच सिद्धान्ताची एक काळी बाजू होती. ज्यांना वेळेत उपचार मिळाले नाहीत त्यांच्यावर पुढे शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नाही, असा तर्क त्यातून सहज निघतो. ही मुले बहुधा गरीब घरांतील व खेड्यांतील असतात. त्यामुळे दारिद्र्याने एकदा नाकारलेला उपचार दुसऱ्यांदा विज्ञानाच्या नावाने नाकारला जाण्याचा धोका होता. या टप्प्यावर हा इतिहास भारतात येतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील पवन सिन्हा यांनी २००० नंतरच्या दशकात दिल्ली येथील डॉ. श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या सहकार्याने ‘प्रकाश’ हा प्रकल्प उभारला. जन्मापासून दृष्टिहीन, परंतु उपचार शक्य असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करणे आणि त्यांची दृष्टी कशी घडते याचा अभ्यास करणे, असा त्याचा दुहेरी हेतू होता.

२००६ मध्ये या गटाने एका भारतीय महिलेविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिच्यावर वयाच्या १२ व्या वर्षी शस्त्रक्रिया झाली होती. वीस वर्षांनंतर तपासणी केली असता दृष्टीची तीक्ष्णता कमी असली तरी वस्तू व चेहरे ओळखण्यासारखी अनेक कामे ती करू शकत होती. २०११ मध्ये याच गटाने विल्यम मॉलिन्यू यांनी सतराव्या शतकात जॉन लॉक यांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधले. जन्मांधाला अचानक दृष्टी आली तर स्पर्शाने ओळखीची असलेली वस्तू तो केवळ पाहून ओळखेल काय, असा तो प्रश्न होता. आठ ते सतरा वर्षे वयाच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच हे जमले नाही. काही दिवसांतच मात्र त्यांची कामगिरी लक्षणीय सुधारली. निर्णायक काळाचा सिद्धान्त यामुळे खोटा ठरत नाही, कारण दृष्टीची तीक्ष्णता पूर्णपणे परत येत नाही. परंतु दार बंद होते म्हणजे कडीकुलूप लागते असे नाही, एवढे निश्चित झाले.

निष्कर्ष :

१. दृष्टी ही डोळ्यात पूर्ण होणारी क्रिया नसून चेतापेशींच्या अनेक टप्प्यांतून घडणारी निवड व अर्थनिर्णय होय. हे मत मेंदूतील हानी, एकेका पेशीची नोंद आणि पेशींमधील थेट हस्तक्षेप या तीन प्रकारच्या पुराव्यांनी क्रमाने दृढ झाले.
२. पाहणे व त्यानुसार कृती करणे या काही अंशी स्वतंत्र क्रिया आहेत. फेरियर, बालिंट व होम्स यांच्या निरीक्षणांत या भेदाची बीजे होती, पण त्यांचा पूर्ण अर्थ लागण्यास अनेक दशके जावी लागली.
३. पानिझ्झा, इनोउये व रिडॉक यांच्या उदाहरणांवरून भाषा, भूगोल व अधिकारवाणी यांमुळे योग्य निरीक्षणेही दीर्घकाळ उपेक्षित राहू शकतात, हे स्पष्ट होते.
४. प्रयोगशाळेतील सिद्धान्त माणसांना लावताना त्याच्या मर्यादा तपासल्या नाहीत, तर त्याचा भार दुर्बल घटकांवर पडतो.

समारोप :

या इतिहासात नोबेल पारितोषिके मिळविणाऱ्यांची नावे नोंदली गेली आहेत. इनोउये यांच्यासमोर निवृत्तिवेतनासाठी बसलेल्या सैनिकांची, म्युनिकमधील त्या महिलेची वा मांजरांच्या पिल्लांची नावे कोठेही नाहीत. रुग्ण उल्लेखिले जातात ते बहुधा आद्याक्षरांनी. दृष्टीविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातील मोठा वाटा ज्यांची दृष्टी गेली त्यांच्याकडून आला आहे. हे ऋण फेडण्याचा मार्ग एकच दिसतो : त्या ज्ञानाचा लाभ उपचारापासून दूर राहिलेल्या शेवटच्या मुलापर्यंत पोहोचविणे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ इतकाच की, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात वा शेजारच्या प्राथमिक शाळेत मुलांच्या नेत्रतपासणीचा उपक्रम घेताना तो केवळ अहवालापुरता न राहता संशयित मुलाला नेत्रवैद्यापर्यंत पोहोचवूनच पूर्ण व्हावा. निर्णायक काळ कोणासाठीही थांबत नाही. आणि उशीर झाला तरी प्रयत्न व्यर्थ नसतो, हेही आता सिद्ध झाले आहे.